रॉ आणि नायट्रो जोडीनं बघून परीक्षण लिहायचंय? मग आधी उधारीची वही उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नव्वदच्या दशकातल्या अमेरिकेतल्या दोन प्रतिस्पर्धी कुस्ती कंपन्यांचे, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफचं रॉ आणि डब्ल्यूसीडब्ल्यूचं नायट्रो, हे दोन्ही टीव्ही शो सोमवारामागून सोमवार जोडीनं बघायचे आणि दर आठवड्याचं परीक्षण मराठीत लिहायचं, तर सुरुवात कुठून करायची, गुण कशावर द्यायचे, आणि ज्याचं रेटिंग जास्त तो शो चांगला असं धरून चाललं तर चालेल का.

मी हे काम वीसेक वर्षं करतोय. सप्टेंबर १९९५ ते मार्च २००१ हा सगळा पल्ला दोनदा पूर्ण बघून झालाय, पहिल्यांदा आतेभावानं न्यू जर्सीहून आणलेल्या टेपांवर (तिकडच्या एनटीएससी पद्धतीच्या टेपा आपल्या साध्या व्हीसीआरवर धड चालायच्या नाहीत, मल्टीसिस्टिम व्हीसीआर असलेलं घर शोधावं लागायचं) आणि दुसऱ्यांदा नीट, तारखेप्रमाणे, वही घेऊन. पहिल्या वेळी जे लिहिलं होतं त्यातलं अर्ध्याहून जास्त मी दुसऱ्या वेळी खोडलं, आणि का खोडलं तेच या उत्तरात सांगणार आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेक जण तिथेच घसरतात. रेटिंग म्हणजे दर्जा नाही. त्या रात्री किती घरांत तो चॅनल लागला होता एवढंच रेटिंग सांगतं, आणि माणूस चॅनल लावतो तो आज काय दाखवणार हे बघून नाही, तर गेला महिनाभर काय दाखवलं त्याच्या आठवणीवर. म्हणजे आजचा आकडा हा बऱ्याचदा गेल्या महिन्याच्या शोचं प्रगतिपुस्तक असतो. त्यात भेसळ पण फार आहे. रॉ यूएसए नेटवर्कवर लागायचं, तिथे यूएस ओपन टेनिस आलं की रॉ बाजूला, फेब्रुवारीत वेस्टमिन्स्टरचा कुत्र्यांचा शो आला की रॉ बाजूला. नायट्रो टेड टर्नरच्या टीएनटी चॅनलवर, तिथे एनबीए बास्केटबॉलचे प्लेऑफ आले की नायट्रोची वेळ हलायची नाहीतर शोच रद्द. सप्टेंबर ते डिसेंबर सोमवारी रात्री एबीसीवर अमेरिकन फुटबॉल, तो दोघांचेही प्रेक्षक खायचा. १९९८ च्या जानेवारीत नायट्रो तीन तासांचं झालं, त्यातला पहिला तास समोर रॉ नसायचंच. आणि १० मे १९९९ ला रॉला जे ८.१ रेटिंग मिळालं ते लोक अजून छाती ठोकून सांगतात, पण त्या रात्री समोर नायट्रो नव्हतं हे सांगायचं राहूनच जातं. तेव्हा आकडा जरूर लिहा, पण परीक्षणाच्या खाली, एका ओळीत, आणि शो बघून मत लिहून झाल्यावरच बघा. आधी बघितलात तर डोळ्यांवर रंग चढतो, हे मी स्वतः वर्षभर भोगलंय.

मग गुण कशावर द्यायचे? माझं उत्तर एका शब्दात आहे, उधारी. आठवड्याचा कुस्तीचा शो म्हणजे मुळात उधारीचा धंदा आहे. गावाकडे कुस्त्यांचं मैदान असतं तेव्हा तिकीट काढलं, कुस्ती बघितली, निकाल लागला, घरी आलो. इथे तसं नाही, इथे शो तुमच्याकडून दोन तास रोख घेतो आणि बदल्यात म्हणतो की या दोघांची खरी गाठ पुढच्या सोमवारी, नाहीतर महिनाअखेरच्या पे-पर-व्ह्यूला, म्हणजे वेगळे पैसे भरून बघायच्या मोठ्या शोला. म्हणजे प्रेक्षक सतत घेणेकरी असतो. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक शोला दोन पानं आहेत. एका पानावर ती रात्र कशी गेली, दुसऱ्या पानावर आज काय कबूल केलं, आधीचं कबूल केलेलं किती फेडलं आणि किती बुडवलं. पहिल्या पानावर नापास झालेला शो दुसऱ्या पानावर पास होऊ शकतो आणि उलटही होतं. ही दोन पानं वेगळी ठेवली नाहीत तर नव्वदच्या दशकातल्या सोमवारांचं काहीच धड कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरण देतो, आणि मुद्दाम अशा दोन रात्रींचं देतो ज्यात जाहीर केलेली लढत झालीच नाही.

पहिली रात्र १३ एप्रिल १९९८, रॉ, फिलाडेल्फिया. रेसलमेनिया या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोत नुकताच चॅम्पियन झालेला स्टीव्ह ऑस्टिन आणि कंपनीचा मालक विन्स मॅकमॅन यांची रिंगमध्ये लढत जाहीर होते, तीसुद्धा ऑस्टिनचा एक हात पाठीमागे बांधून. मालक आणि नोकर, भर चौकात. अख्खा शो त्या एका क्षणाकडे सरकत राहतो. आणि ऐन वेळी ड्यूड लव्ह, म्हणजे मिक फोलीचंच एक रूप, मध्ये घुसतो आणि लढत होतच नाही. याच रात्री रॉनं ४.६ विरुद्ध ४.३ असं नायट्रोला मागे टाकलं आणि जून १९९६ पासून चालू असलेली नायट्रोची ८३ आठवड्यांची सलग आघाडी तुटली.

दुसरी रात्र ४ जानेवारी १९९९, नायट्रो, अटलांटाचं जॉर्जिया डोम. जाहीर झालंय गोल्डबर्ग विरुद्ध केविन नॅश. आठवडाभर आधीच, २७ डिसेंबरच्या स्टारकेड या डब्ल्यूसीडब्ल्यूच्या पे-पर-व्ह्यूला, नॅशबरोबरच्याच लढतीत स्कॉट हॉलनं शॉक देणारी दांडी लावून गोल्डबर्गची न हरण्याची मालिका मोडून दिलेली, त्यामुळे बदला हवाच, आणि गोल्डबर्ग अटलांटाचा स्वतःचा पोरगा. तर होतं काय, गोल्डबर्गला खोट्या आरोपात पोलीस उचलून नेतात, त्याच्या जागी हल्क होगन येतो, घंटा वाजते, होगन नॅशच्या छातीला एक बोट लावतो, नॅश गोळी लागल्यासारखा उताणा पडतो, होगन चॅम्पियन, आणि दोघं गळ्यात गळे घालून हसतात.

लढत दोन्हीकडे झाली नाही. मग एक रात्र पास आणि दुसरी नापास का? पहिल्या वेळी बघितलं तेव्हा मी नुसतं लिहून ठेवलं होतं की रॉ धमाल, नायट्रो फसवाफसवी. हे परीक्षण नाही, ही चिडचिड आहे. दुसऱ्यांदा बघताना कळलं की फरक उधारीचा आहे. एप्रिलच्या त्या रात्री मॅकमॅन मार खाण्यापासून वाचला, म्हणजे प्रेक्षकाचं येणं तसंच राहिलं, उलट वर व्याज चढलं. ऑस्टिन उभा आहे, रागात आहे, आणि आता त्याला मालकापर्यंत पोहोचायला आधी ड्यूड लव्हला ओलांडायचंय. ती दोघांची लढत पुढे अनफरगिव्हन आणि ओव्हर द एज या पे-पर-व्ह्यूंना झाली, आणि मालक-ऑस्टिन सामना, तोही पिंजऱ्यात, शेवटी फेब्रुवारी १९९९ मध्ये झाला. दहा महिने उधारी चालली, पण दर काही आठवड्यांनी हप्ता मिळत राहिला, कधी स्टनर (ऑस्टिनचा हुकमी डाव), कधी मालकाच्या गाडीत ओतलेलं सिमेंट. जानेवारीच्या त्या रात्री मात्र घेणेकऱ्याच्या तोंडावर वही फाडली. ज्याच्या बाजूनं तुम्ही आहात तो इमारतीत नाही, आणि जे आत आहेत ते तुम्ही मूर्ख म्हणून हसतायत. गोल्डबर्ग नंतर उरलेल्यांना मारायला धावत आला आणि त्यालाच तिघाचौघांनी बडवून हातकड्यांनी बांधून रंग फासला. पुढच्या सोमवारी यायचं कारणच उरलं नाही.

त्याच रात्रीची दुसरी गोष्ट सगळ्यांना माहितीय पण ती पण उधारीच्या अंगानं बघा. समोर रॉवर मिक फोली, मॅनकाइंड म्हणून, द रॉकला हरवून पहिल्यांदा चॅम्पियन होणार होता. तो शो सहा दिवस आधीच, २९ डिसेंबरला वूस्टरमध्ये रेकॉर्ड झालेला. नायट्रोवर कंपनीचा कारभारी एरिक बिशॉफच्या सांगण्यावरून समालोचक टोनी शियावोनीनं थेट निकाल सांगून टाकला आणि वर टोमणा मारला की यानं म्हणे तिकिटं खपणार. रेटिंगच्या नोंदींप्रमाणे त्याच वेळी लाखो लोकांनी चॅनल बदलला, रात्रीचा आकडा रॉ ५.७, नायट्रो ५.०. लोक निकाल कळल्यावर तिकडे गेले! कारण फोलीनं वर्षानुवर्षं अंग मोडून घेतलं होतं, सहाच महिन्यांपूर्वी पिंजऱ्याच्या छतावरून खाली आपटला होता, त्याचं देणं बाकी होतं आणि ते फिटताना लोकांना डोळ्यांनी बघायचं होतं. निकाल माहीत असणं आणि फिटताना बघणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

यावरून तो जुना प्रश्न येतोच, आणि मराठीत लिहिणाऱ्याला तर हमखास येतो: खोटं असतं हे माहीत असून काय बघता. आमच्या घरी कोल्हापूरच्या खासबागेत जाऊन कुस्त्या बघणारे मामा होते, ते याला सरळ नुरा कुस्ती म्हणायचे. मला ते पटत नाही. नुरा कुस्तीत दोन पैलवान आतून ठरवतात आणि निकाली कुस्तीचं तिकीट काढून आलेल्या माणसाला फसवतात, तिथे गुन्हा आहे तो लपवण्याचा. इथे लपलेलं काही नाही, १९८९ मध्येच मॅकमॅनच्या कंपनीनं न्यू जर्सीच्या सिनेटपुढे हे करमणूक आहे असं सांगितलं होतं, सरकारी अॅथलेटिक कमिशनच्या नियमांतून सुटायला. त्यामुळे परीक्षणात खरं-खोटं हा मुद्दा घेऊच नका, पण कुस्ती बघणाऱ्या माणसाची नजर मात्र सोडू नका. पकड घेताना हात कुठे आहे, पडणारा पाठ सांभाळून पडतोय का, दम लागल्यावर कोण कुणाला सावरून घेतोय, हे ज्याला आखाड्याची सवय आहे त्याला पटकन दिसतं आणि ते लिहिलं तर परीक्षणाला वजन येतं.

आता सुरुवात कुठून. ४ सप्टेंबर १९९५, पहिलं नायट्रो, मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकामधून. रॉ तोवर पावणेतीन वर्षांचं झालेलं (११ जानेवारी १९९३ ला न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन सेंटरमध्ये सुरू झालं), ते टेनिसमुळे त्या रात्री नव्हतं. पहिलीच कुस्ती जपानचा जुशिन लायगर विरुद्ध ब्रायन पिलमन, म्हणजे आम्ही वेगळं काहीतरी दाखवणार ही पहिली कबुली. आणि मग लेक्स लुगर चालत येतो, जो त्याच शनिवार-रविवारी डब्ल्यूडब्ल्यूएफकडून खेळत होता. आज आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण त्या वेळी कुणीही कधीही येऊ शकतं ही भीतीवजा मजा तिथून सुरू झाली आणि पुढची दोन वर्षं नायट्रो त्याच भांडवलावर चाललं. डिसेंबर १९९५ मध्ये मडुसा या महिला पैलवानानं डब्ल्यूडब्ल्यूएफचा महिला चॅम्पियनचा पट्टा आणून थेट कचऱ्याच्या डब्यात टाकला ते त्यातलंच.

पहिले नऊ महिने पटपट उरकलेत तरी चालेल. २७ मे १९९६ पासून मात्र एकही रात्र गाळू नका. त्या रात्री जॉर्जियातल्या मेकनमध्ये एक साधी, कुणाला न आठवणारी लढत चालू असताना डब्ल्यूडब्ल्यूएफ सोडून आलेला स्कॉट हॉल डेनिमच्या कपड्यात प्रेक्षकांमधून चालत येतो, माइक घेतो आणि म्हणतो की मी कोण ते तुम्हाला माहितीय, पण मी इथे का ते माहीत नाही. ना संगीत, ना नाव, ना पाटी. मी हा तुकडा किती वेळा बघितला असेल माहीत नाही, दर वेळी मला तो तिसरी घंटा न वाजवता सुरू झालेल्या नाटकासारखा वाटतो, प्रेक्षकांत एक क्षण खरंच गोंधळ होतो की हा कोण घुसला. दोन आठवड्यांनी केविन नॅश, आणि ७ जुलैला डेटोना बीचला होगन खलनायक होतो, या तिघांची एनडब्ल्यूओ ही टोळी उभी राहते. या सहा आठवड्यांच्या नायट्रोला माझ्या दोन्ही पानांवर पैकीच्या पैकी आहेत. त्याच काळात रॉवर काय चालू होतं तेही बघाच, कारण जून १९९६ मध्येच किंग ऑफ द रिंग या पे-पर-व्ह्यूला ऑस्टिननं बायबलच्या वचनाची मोडतोड करून ३:१६ चा डायलॉग मारला, आणि तेव्हा तो कुणाला फारसा ऐकूच गेला नाही. जोडीनं बघण्याचा फायदा हाच, की एकीकडे ढोल वाजत असताना दुसरीकडे बी पेरलं जातंय ते दिसतं.

जोडीनं म्हणजे खरंच जोडीनं हं. आधी महिनाभराचं रॉ आणि मग महिनाभराचं नायट्रो असं नको. एकाच तारखेचे दोन्ही, आणि जमलं तर ज्या वेळात दोन्ही एकदम चालू होते तो भाग आलटून पालटून, पंधरा-पंधरा मिनिटं. तेव्हाचा प्रेक्षक रिमोट हातात घेऊन हेच करत होता आणि शो बांधणारे त्याच माणसासाठी बांधत होते. समोर जाहिरात लागली की इकडे मोठं नाव बाहेर काढायचं, तिकडची मुख्य लढत संपायच्या आत इकडची संपू द्यायची नाही. सलग एकच शो बघितला तर एखादी चांगली लढत तीन मिनिटांत का गुंडाळली हे कळत नाही, जोडीनं बघितलं की कळतं.

मी सगळ्यात जास्त वेळा बघितलेली जोडी १५ डिसेंबर १९९७ ची. पाच आठवड्यांपूर्वी, ९ नोव्हेंबरला, मॉन्ट्रियलमध्ये ब्रेट हार्टला त्याच्या देशात, त्याला न सांगता, मालकानं घंटा वाजवायला लावून हरवलेलं. आता तो नायट्रोवर पहिल्यांदा येतोय, त्या क्षणी जगात कुस्तीतला सगळ्यात चर्चेतला माणूस. आणि डब्ल्यूसीडब्ल्यू त्याला स्टारकेडसाठी काय काम देते? पंचाचं. आणि त्याच रात्री रॉवर मॅकमॅन कॅमेऱ्यासमोर उभा राहून शांतपणे सांगतो की तुमच्या बुद्धीचा अपमान केलेला तुम्हाला आता चालत नाही, चांगला विरुद्ध वाईट हे जुनं झालं, आम्ही बदलतोय. ज्या माणसाचा लोकांना सगळ्यात जास्त राग आलाय तोच समोर येऊन बोलतो, आणि पुढे त्या रागालाच तो आपलं पात्र बनवतो. एकीकडे सोन्याची वीट हातात येऊन ती दाराला अडसर म्हणून लावली, दुसरीकडे स्वतःच्या बदनामीचं भांडवल केलं. त्या आठवड्याचं रेटिंग नायट्रोचं जास्त होतं! म्हणून म्हणतो आकडा नंतर बघा.

आणि तेरा दिवसांनी, २८ डिसेंबरला, तो स्टारकेड. डब्ल्यूसीडब्ल्यूचा लाडका पैलवान स्टिंग वर्षभराहून जास्त काळ काळ्या-पांढऱ्या रंगात, गप्प, छताच्या तुळयांवरून खाली बघत उभा राहिलेला, १९९७ मध्ये तोवर टीव्हीवर एकही लढत नाही. इतकी मोठी उधारी टीव्हीवरच्या कुस्तीत कुणी चढवलेली मला माहीत नाही. कथा अशी की पंच होगनच्या बाजूनं भरभर तीन मोजणार आणि ब्रेट हार्ट येऊन म्हणणार की हे चालणार नाही. पण पंच निक पॅट्रिकनं मोजलं ते सरळ, नेहमीच्या वेगानं. म्हणजे पडद्यावर होगननं स्टिंगला स्वच्छ हरवलं, आणि मग ब्रेट येऊन अन्याय झाला म्हणतो, लढत परत सुरू होते, स्टिंग जिंकतो. दोन आठवड्यांत तो पट्टाही वादात म्हणून काढून घेतला. हे कर्ज खोट्या नाण्यात फेडलं. याचा फटका रेटिंगमध्ये लगेच दिसत नाही, १९९८ चे पहिले तीन महिने नायट्रो पुढेच आहे, पण तुम्ही वही ठेवली असेल तर तुम्हाला जानेवारीतच कळेल की गल्ल्यात खडखडाट आहे.

यावर लोक म्हणतात की मग डब्ल्यूसीडब्ल्यूला फेडायला येतच नव्हतं. हे साफ चूक आहे आणि ते नीट सांगणं परीक्षण लिहिणाऱ्याचं काम आहे, कारण मार्च २००१ पासून दोन्ही कंपन्यांच्या टेपांचा मालक एकच आहे आणि जी गोष्ट वारंवार सांगितली जाते ती त्याच्या बाजूची. नायट्रोचा पहिला तास बघा. रे मिस्टेरियो ज्युनियर, सिकोसिस, हुवेंतुद गेरेरा, अल्टिमो ड्रॅगन, एडी गरेरो, डीन मलेंको. आठ-दहा मिनिटांच्या लढती, मेक्सिको आणि जपानमधली कुस्ती अमेरिकन टीव्हीवर दर आठवड्याला, आणि समालोचक माइक टेने शेजारी बसून प्रत्येक डावाचं नाव, त्या पैलवानाचं घराणं, मुखवट्याचा मान काय असतो हे सांगतोय. त्या वर्षांत रॉवर या तोडीचं काही नव्हतं, हे मी रॉचा मोठा चाहता असून लिहितो. ऑक्टोबर १९९७ च्या हॅलोवीन हॅवॉक या पे-पर-व्ह्यूमधली मिस्टेरियो-एडीची लढत हे त्याचं टोक, पण ती पिकली या सोमवारच्या पहिल्या तासांच्या जमिनीत.

आणि त्याच छोट्या वजनगटात उधारीचं सर्वात सुंदर फेडणं आहे. १९९८ च्या वसंतात ख्रिस जेरिको डीन मलेंकोच्या मागे लागतो. १५ मार्चला त्याच्याकडून हरल्यावर मलेंको खचून घरी निघून जातो. मलेंको हजार डावांचा माणूस म्हणून ओळखला जायचा, तर जेरिको ३० मार्चच्या नायट्रोला कागदाची भेंडोळी घेऊन येतो आणि म्हणतो मला एक हजार चार येतात, आणि वाचतच सुटतो, दर दुसरा डाव आर्मबार. मग तो मलेंकोच्या वारलेल्या वडिलांवर, बोरिस मलेंकोवर घसरतो. १७ मे ला स्लॅमबोरी या पे-पर-व्ह्यूला जेरिकोचा पुढचा प्रतिस्पर्धी ठरवायला बऱ्याच जणांची एकदम लढत होते, शेवटी सिक्लोपे नावाचा मुखवटाधारी उरतो, तो मुखवटा काढतो आणि खाली मलेंको. त्या क्षणी वूस्टरच्या त्या हॉलमधून जो आवाज उठतो तो गोल्डबर्गलाही क्वचित मिळाला असेल. नऊ आठवड्यांची उधारी, एका रात्रीत व्याजासकट. म्हणजे त्या कंपनीला कला येत होती, फक्त ती वरच्या मजल्यावर, जिथे मोठी नावं बसायची, तिथे पोहोचली नाही.

६ जुलै १९९८ ही रात्र दोन पानांचा उपयोग सगळ्यात चांगला दाखवते. जॉर्जिया डोममध्ये चाळीस हजारांच्या आसपास माणूस, गोल्डबर्ग आधी स्कॉट हॉलला आणि मग होगनला पाडून चॅम्पियन, तेही फुकट टीव्हीवर. जाणकार नेहमी म्हणतात की हे पे-पर-व्ह्यूला विकायला हवं होतं, हातातले पैसे फेकले. खरं आहे. पण पहिल्या पानावर ती रात्र जबरदस्तच आहे आणि तसंच लिहायला हवं. धंद्याचा निर्णय चुकला म्हणून त्या तीन तासांतली वीज कमी होत नाही. मी तिथे पहिल्या पानाला १० पैकी ९ दिलेत आणि दुसऱ्या पानावर लिहिलंय की पुढच्या चार महिन्यांचं धान्य आज रात्री शिजवलं.

रॉचं परीक्षण करताना वेगळी सावधगिरी. १९९८-९९ च्या रॉमध्ये लढती बऱ्याचदा तीन-चार मिनिटांच्या असतात आणि शेवट कुणीतरी धावत येऊन उधळतो. नुसत्या कुस्तीवर तोललं तर शो नापासच होईल. पण त्या शोचं खरं काम माइकवर चालतं. रॉक आणि ऑस्टिन समोरासमोर उभे राहिले की ते फडावरच्या सवाल-जवाबासारखं बघा, कोण कुणाच्या शब्दाला शब्द लावतो, पब्लिक कुठे टाळी घेतं, कोण मुद्दाम थांबतो. त्यामुळे कुस्तीपत्रकार डेव्ह मेल्टझरमुळे रुजलेली लढतींना तारे द्यायची पद्धत इथे अपुरी पडते. तारे लढतीला ठीक आहेत, अख्ख्या शोला नाही. मी लढतीला तारे देतो, शोला दोन पानं.

टेप आणि लाइव्ह हा फरक कायम नोंदवा. रॉ बराच काळ एका रात्री लाइव्ह आणि पुढचा आठवडा किंवा आठवडे आधीच रेकॉर्ड केलेलं असायचं, नायट्रो जवळपास नेहमी लाइव्ह. रेकॉर्ड केलेल्या शोमध्ये पब्लिकच्या आवाजावर संपादनात हात फिरवता येतो, तेव्हा पब्लिक पेटलं होतं असं लिहायच्या आधी चेहरे बघा, आवाजावर जाऊ नका. सध्या जे अधिकृत चित्रण मिळतं त्यात बऱ्याच ठिकाणी मूळ गाणी बदललेली आहेत आणि जाहिराती तर नाहीतच, त्यामुळे शोची मूळ लय थोडी वेगळी होती हे धरून चाला. समालोचनालाही जागा द्या, रॉचा समालोचक जिम रॉसच्या आवाजानं किती साध्या लढती मोठ्या झाल्यात, आणि उलट शियावोनी दर आठवड्याला इतिहासातली सर्वात मोठी रात्र म्हणत राहिला की खरी मोठी रात्र येते तेव्हा त्याच्याकडे शब्द उरत नाहीत.

काही गोष्टींना मी गुण देतच नाही. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट छतावरून खाली उतरताना पडून गेला, शो पुढे चालूच ठेवला गेला, आणि दुसऱ्या रात्रीचं रॉ त्याच्या आठवणीत झालं. त्या रॉवर लिहा, सहकारी काय बोलले ते लिहा, आकडा नको. दुसरं, पैलवान ख्रिस बेन्वा. त्यानं २००७ मध्ये बायकोचा आणि लहान मुलाचा जीव घेतला, आणि १९९६ ते ९९ च्या नायट्रोमध्ये तो जागोजागी आहे. मी त्याच्या लढतींची नोंद करतो, काय घडलं ते लिहितो, पण स्तुती आणि तारे नाहीत, आणि वाचकाला हे एकदा सुरुवातीलाच सांगून टाकलंय. तुम्ही वेगळं ठरवू शकता, पण ठरवा आणि सांगा, मधूनच गप्प राहू नका. तिसरं, बायकांना ज्या पद्धतीनं दोन्ही शोंनी वापरलं, कपडे फाडण्याच्या लढती वगैरे. तेव्हा असंच चालायचं असं म्हणून सोडून देऊ नका. मडुसासारख्या खरीखुरी कुस्ती खेळणाऱ्या बाईला दोन्ही कंपन्यांत धड जागा मिळाली नाही ही त्या काळाच्या परीक्षणातली मोठी नोंद आहे, तळटीप नाही.

भाषेबद्दल एवढंच, की हील (खलनायक), फेस (नायक), प्रोमो (माइकवरचं भाषण), बुकिंग (कोण कुणाशी लढणार, कोण जिंकणार याची आखणी), रन-इन (लढतीत मध्येच धावत येणं) हे शब्द बिनधास्त वापरा, वाचकाला ते माहिती आहेत. लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळलेल्या, छाती-दंड-उंचीचे आकडे पाठ असलेल्या पिढीला समजावून सांगायची गरज नाही. पण लढतीचं वर्णन करताना मराठी क्रियापदं वापरा. कवळ घातली, उचलून आपटला, पट काढला, चितपट केला. इंग्रजी डावाचं नाव ठेवा आणि कृती मराठीत सांगा, वाक्याला लगेच अंग येतं.

वेग किती ठेवायचा, तर आठवड्याला एकच जोडी. दोन घाईनं बघितल्या की उधारी जाणवतच नाही, कारण वाट बघण्याचा त्रास हाच तर अर्धा शो आहे. मी दुसऱ्या फेरीत मुद्दाम सोमवारचं सोमवारी बघत होतो, साडेपाच वर्षं लागली. २६ मार्च २००१ च्या शेवटच्या नायट्रोपर्यंत पोहोचाल तेव्हा फ्लोरिडातल्या पनामा सिटी बीचला शेवटची लढत आहे रिक फ्लेअर विरुद्ध स्टिंग, आणि फ्लेअर चक्क टी-शर्ट घालून खेळतोय. त्या आधी वहीचं पहिलं पान काढून शेजारी ठेवा. ४ सप्टेंबर १९९५ च्या पानावर तीच दोन नावं तुमच्याच अक्षरात लिहिलेली सापडतील.